पंचांगात ७:०७, माहुलीत ७:३१

डिसेंबर संपता संपता एका पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांचा फोन आला. नवी शाखा, रथसप्तमीला उद्घाटन, काउंटरमागच्या भिंतीवर सहा बाय चार फुटांचा फोटो लावायचा. विषय त्यांनीच ठरवला होता: समुद्रातून वर येणारा सूर्य. "लालभडक गोळा आणि खाली लाटा. बघितल्यावर माणसाला वाटलं पाहिजे, इथं पैसे ठेवावेत."

मी साताऱ्यात लग्नं, बारशी, वास्तुशांती करतो. निसर्गाचे फोटो ही हौस, त्याचे पैसे क्वचित मिळतात. मिळणारं काम सोडायचं नव्हतं, पण खोटंही बोलायचं नव्हतं.

"साहेब, आपल्या समुद्रात सूर्य मावळतो. उगवत नाही."

"मग कॅलेंडरवर असतोय तो?"

"तो एकतर मावळतीचा, नाहीतर पुरी-चेन्नईकडचा."

कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून गुहागरला पहाटे वाळूवर उभं राहिलं, तर सूर्य आपल्या पाठीमागे, माडांच्या आणि डोंगरांच्या आडून येतो. समोरच्या लाटांवर कोवळं ऊन पडतं, तेही देखणं असतं, पण त्यात गोळा नसतो. पाण्यातून वर येणारा गोळा हवा तर पूर्व किनारा गाठायचा किंवा कन्याकुमारीला जायचं. साहेबांच्या बजेटात कन्याकुमारी बसत नव्हती. मी म्हटलं, पाणी पायाशी आणि पूर्व समोर अशी जागा साताऱ्यापासून पाच किलोमीटरवर आहे. संगम माहुली.

फोनवर थोडा वेळ शांतता.

"अहो, माहुलीला माणसं पोचवायला जातात. शाखेच्या भिंतीवर माहुली लावू व्हय?"

हरकत अगदीच गैर नव्हती. शहराची स्मशानभूमी तिथेच आहे आणि 'माहुलीला गेला' याचा साताऱ्यात एकच अर्थ होतो. पण कृष्णा आणि वेण्णेच्या या संगमावर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी अठराव्या शतकात बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ आहे, छत्रपती शाहूंच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे, आणि समोरच्या काठावर क्षेत्र माहुली. मी साहेबांना एवढंच विचारलं, रामशास्त्री प्रभुणे कुठले? पेशव्याला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या माणसाचं गाव फोटोत येणार असेल, तर पैसे ठेवायला येणाऱ्याला अजून काय पाहिजे? साहेब हसले. "बरं, घाट आणि देऊळ दिसू द्या. बाकी कायबी दिसता कामा नये."

तर काम असं ठरलं: पश्चिम काठावरून पूर्वेला कॅमेरा, मध्ये कृष्णा, पलीकडे रामेश्वराचं देऊळ, त्याच्या शिखरामागून सूर्य. रथसप्तमीआधी दहा दिवस फाइल प्रिंटवाल्याकडे.

आधी कागदावर

सूर्य रोज एकाच जागी उगवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. किती सरकतो याचा मात्र अंदाज नसतो. साताऱ्याच्या अक्षांशावर जूनच्या शेवटी तो पूर्वेपासून साधारण २५ अंश डावीकडे, म्हणजे ईशान्येला झुकून, जरंडेश्वराच्या डोंगराच्या बाजूला येतो. डिसेंबरच्या शेवटी तेवढाच उजवीकडे, आग्नेयेला. मधल्या सहा महिन्यांत क्षितिजावर जवळजवळ ५० अंश फिरतो. म्हणजे एखादं देऊळ सूर्यासमोर धरायचं तर उभं कुठे राहायचं हे तारखेवर ठरतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्योदयाची दिशा उत्तरेपासून मोजली तर ११३ अंशांच्या आसपास. फोनवरच्या नकाशात शिखरावरून उलटी रेघ ओढली, ती आमच्या काठावर घाटाच्या थोडी वरच्या अंगाला येऊन टेकली. तिथे मनात खूण केली.

वेळेचंही तसंच. भिंतीवरच्या कॅलेंडरात मुंबईची वेळ असेल तर सातारकरांनी या दिवसांत त्यातून सहा-सात मिनिटं वजा करावीत, आपण पूर्वेला आहोत. माझ्या हिशेबाने ९ जानेवारीला ७:०७. गंमत म्हणजे वर्षातला सगळ्यात छोटा दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण त्या दिवशी सूर्य सातला उगवतो. सगळ्यात उशिरा तो संक्रांतीनंतरच्या दिवसांत येतो. संक्रांतीला दिवस मोठा होऊ लागला म्हणतात आणि सकाळी शाळेला जाणारी पोरं मात्र अजून काळोखातच निघतात, ते यामुळे.

४ जानेवारीला दुपारी भाच्याला घेऊन पाहणीला गेलो. पाहणी दुपारी करायची, कारण पहाटे पाय कुठे पडतो ते दिसत नाही. पायऱ्यांवरचं शेवाळ कुठे आहे, गाळ किती, तारा कुठून जातात, मोबाइलचा टॉवर कुठे डोकावतो हे बघून घेतलं. पाण्यात काठापासून पाच-सहा फुटांवर एक काळा सपाट दगड वर आलेला होता. मला तो एकदम आवडला. फोटोत पुढे काहीतरी धरायला लागतं, नाहीतर नुसतं पाणी आणि नुसतं आकाश यांच्यात डोळा कुठेच टेकत नाही.

इथवर सगळं पुस्तकी बरोबर होतं. चूक तिथेच झाली होती, मला दिसली नाही.

९ जानेवारी

साडेपाचला घरून निघालो, सहाला तिपाई उभी. थंडी बऱ्यापैकी. नदीवर दाट धुकं होतं. रात्री हवा गार पडते, पाणी तेवढं पडत नाही, मग पाण्यावरची वाफ थंड हवेत लगेच गोठल्यासारखी पांढरी होते. वारा नसेल तर ती तशीच तरंगत राहते. धुकं फोटोला पोषक असतं, पण त्या दिवशी इतकं होतं की रामेश्वर दिसेचना. आपण समोरच्या काठाचा फोटो काढायला आलोय हे फक्त आठवणीवर. लेन्सवर दर दोन मिनिटांनी थेंब धरत होते, भाचा फडकं घेऊन पुसत होता.

७:०७ झाले. काही नाही. ७:१५. समोर धुकं विरळ होऊन शिखराची आकृती दिसायला लागली, मागे आकाश पिवळं, पण सूर्याचा पत्ता नाही.

"मामा, ढग आहेत का?"

ढग नव्हते. मी हात लांब केला आणि पाण्याच्या रेषेवर तीन बोटं आडवी धरली. हात पूर्ण ताणल्यावर करंगळी साधारण एक अंश झाकते, मधली तीन बोटं पाच अंश, बंद मूठ दहा. समोरची झाडी आणि शिखराचा कळस तीन बोटांच्या वरच्या कडेला टेकत होता. म्हणजे पाच अंश. तक्त्यातला सूर्योदय हा मोकळ्या, सपाट क्षितिजाचा असतो, गुहागरचा मावळतीला असतो तसा. नदीच्या काठावर क्षितिज म्हणजे समोरची चिंच आणि देवळाचा कळस. सूर्य आपल्याकडे या दिवसांत एक अंश चढायला साडेचार मिनिटं घेतो. पाच अंश म्हणजे तेवीस-चोवीस मिनिटं. हा गुणाकार मला ४ तारखेला दुपारी, ऊन डोक्यावर असताना, दोन मिनिटांत करता आला असता. तीन बोटं तेव्हाही सोबतच होती.

दुसरी चूक हिच्या पोटातली. सूर्य सरळ उभा वर चढत नाही. विषुववृत्तावर चढतो, आपण १७ अंश वर आहोत, म्हणून तो उजवीकडे कलून चढतो. पाच अंश वर येईपर्यंत तो जवळपास दोन अंश उजवीकडे गेलेला असतो. दोन अंश ऐकायला काही नाही, पण सूर्याचं बिंब स्वतःच अर्ध्या अंशाचं. म्हणजे तो शिखरापासून चार बिंबं बाजूला निघणार. ७:३१ला तो निघाला आणि बरोबर तिथेच, चिंचेच्या फांद्यांतून. कळसाचा त्याच्याशी काही संबंध उरला नव्हता.

उपाय सोपा होता. सूर्य लांब, शिखर जवळ. आपण डावीकडे सरकलो की शिखर सूर्याच्या मानाने उजवीकडे सरकतं. अंतर दीडशे मीटर धरलं तर दोन अंशांसाठी पंधरा-सोळा फूट डावीकडे. भाचा तिपाई उचलायला वाकलासुद्धा.

पण डावीकडच्या पायऱ्यांवर एक कुटुंब बसलं होतं. दहावा होता. दोन मुलगे मुंडण केलेले, ओल्या पंचात, गुरुजी मंत्र सांगत होते, पलीकडे पानावर पिंड ठेवलेले आणि बायका थोड्या लांब उभ्या. धुक्यातून ते कधी आले ते आम्हाला कळलंच नव्हतं. कावळा शिवायची वाट बघणाऱ्या माणसांना 'जरा सरकता का, आमचा सूर्य येतोय' असं कोण म्हणणार? घाट मुळात त्यांचा आहे, आम्ही उपरे. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फ्रेमच्या डाव्या कडेला एकाची पाठ येत होती, तेवढी लेन्स उजवीकडे वळवून बाहेर काढली आणि दाबणं बंद केलं. पिंडाला कावळा लवकर शिवला नाही. आम्ही पाऊण तास तसेच पाठमोरे बसून राहिलो, तिपाई मिटवायचा आवाजसुद्धा नको म्हणून.

निघताना गुरुजींनी विचारलं, "कशाचे फोटो?" सांगितलं. ते म्हणाले, "सोमवारी या. सोमवारी सकाळी माझ्याकडे काही नाही. आलंच तर आम्ही खालच्या अंगाला बसू."

मधले दोन दिवस

घरी येऊन दुसरा प्रश्न सोडवायला घेतला, तो साहेबांच्या 'गोळ्याचा'. फोटोत सूर्य केवढा दिसणार याचा हिशेब आहे: लेन्सच्या फोकल लेंथला (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा) साधारण ११०ने भागायचं, तेवढे मिलिमीटर सूर्य सेन्सरवर पडतो. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद. २४ची वाइड लेन्स लावली तर सहा फुटी प्रिंटवर सूर्य अर्ध्या इंचाहून लहान, कपाळावरच्या टिकलीएवढा. ७०वर सव्वा इंच. २००वर साडेतीन-चार इंच, पण मग देऊळ अर्धं फ्रेमबाहेर. लोक जे तांबडे प्रचंड गोळे बघतात ते लांब मागे जाऊन मोठ्या टेलीने, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने, काढलेले असतात: देऊळ एक-दीड किलोमीटरवर, म्हणजे ते लहान होतं आणि सूर्य तेवढाच राहतो. आम्हाला मागे जायला जागाच नव्हती, मागे पायऱ्या, झाडं आणि वस्ती. ७० ठरवली.

रंगाचंही आधीच सांगून टाकलं. सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो तेव्हा त्याचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो, निळा वाटेत विखरून जातो आणि तांबडा उरतो. पाच अंश वर आला की तो थर बराच पातळ होतो, गोळा पिवळा-पांढरा आणि डोळे दिपवणारा. म्हणजे झाडीमागून उशिरा उगवणारा सूर्य लाल नसणार. साहेबांनी फोनवर "बघा काय जमतंय" एवढंच म्हटलं, ते त्यांनी ऐकलं नसावं असा माझा समज आहे.

आणि जागा. ९ तारखेपासून १२ पर्यंत सूर्योदय जवळजवळ अर्धा अंश डावीकडे सरकलेला असणार, म्हणजे नवीन जागेपासून चार फूट उजवीकडे. हे सगळं फूटपट्टीने मोजायचं नसतं, पण आपण कुठे शोधायचं ते कळतं. नाहीतर पहाटे काठावर तिपाई घेऊन वेड्यासारखं पळावं लागतं, आणि पळायला वेळ असतो दोन-सव्वादोन मिनिटं. सूर्याचं बिंब स्वतःच्या उंचीएवढं वर जायला तेवढाच वेळ घेतं.

१२ जानेवारी

सोमवार. सहाला पोचलो तर दगड नाही. पहिल्यांदा वाटलं जागा चुकली. टॉर्च मारली तेव्हा कळलं, पाणी वीतभर चढलंय. वर कृष्णेवर धोम आहे, वेण्णेवर कण्हेर, कुठून तरी पाणी सुटलेलं असणार. समुद्रकाठी भरती-ओहोटीचा तक्ता हातात असतो, पुढच्या वर्षीच्या अमावास्येची वेळसुद्धा मिळते. नदीचं तसं नाही.

दगड गेला, पण पाणी पायरीच्या कडेपर्यंत आल्याने काठालगतचा चिखल झाकला गेला होता. वारा अजिबात नव्हता. मी तिपाई खालच्या पायरीवर घेतली, पाय गाळात रुतू नयेत म्हणून फरशीचे तीन तुकडे आणले होते ते खाली सरकवले आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला. इतक्या खाली आलं की पाण्यातलं प्रतिबिंब लांबतं. पुढे दगड धरायचा होता, त्याऐवजी उलटं देऊळ धरलं.

६:४५नंतरचा उजेड मला सगळ्यात प्रिय आहे. तांबडं फुटलेलं असतं, पण सावली अजून कुणाचीच पडत नाही. धुकं त्या दिवशी गुडघाभरच होतं, पाण्यावर एक पातळ पदर, त्यातून पलीकडच्या पायऱ्यांच्या आडव्या रेघा एक आड एक दिसत होत्या. आकाश खाली केशरी, वर जांभळट, आणि नदीत ते उलटं. वीटभट्ट्यांचा आणि उसाच्या पाचटाचा धूर क्षितिजाला मिसळलेला असतो या महिन्यात, त्याने रंग जरा मळतो, पण मला तो मळ आवडतो. माहुलीचं आकाश स्वित्झर्लंडसारखं दिसायचं कारण नाही.

आयएसओ १००, एफ ११, एक सेकंद. दोन सेकंदांचा टायमर, हाताचा धक्का लागू नये म्हणून. ६:५२ची फ्रेम बघून भाचा म्हणाला, "मामा, झालं की."

मलाही तसंच वाटलं. पण ऑर्डर सूर्याची होती.

७:२५ला लेन्स ७०वर आणली. आता गणित उलटं. आकाश इतकं उजळ की देवळाचा दगड काळाठिक्कर पडणार, दगड उजळ करायला गेलो तर आकाश जळून पांढरं. म्हणून प्रत्येक वेळी तीन फ्रेम: एक मध्यम, एक दोन स्टॉप काळी, एक दोन स्टॉप उजळ. सगळ्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या. डोळा व्ह्यूफाइंडरला लावायचा नाही, मागच्या स्क्रीनवरच बघायचं, टेलीतून सूर्य डोळ्यात घेणं म्हणजे भिंगाने कागद जाळण्यासारखं.

७:३०ला कळसाच्या उजव्या कडेला उजेड सांडायला लागला. मी वीतभर डावीकडे सरकलो, मग अजून थोडा. पूर्ण बिंब उघडं पडलं तर फोटोत नुसतं पांढरं भोक दिसतं. तो अर्धा कळसामागे ठेवायचा. मग अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं पात्यांचं भोक, बारीक करून एफ १६वर आणलं की त्या कडेवर किरणांची चांदणी उमटते. लेन्सच्या पात्यांच्या कडांशी उजेड वाकतो त्यातून ती होते. पाती सम असतील तर तितकीच टोकं, विषम असतील तर दुप्पट. माझ्या लेन्सला नऊ, म्हणून अठरा. साहेब मोजणार नव्हते, मी मोजली. एकच्या अडीचशेला सात फ्रेम मिळाल्या, त्यातल्या दोन चांगल्या. आठव्या वेळी सूर्य कळसावरून निसटून वर आला होता आणि धुक्याचा पदर बघता बघता विरून गेला.

गुरुजी म्हटल्याप्रमाणे नव्हते. घाटावर एक म्हातारा अर्घ्य देऊन गेला, त्याने आमच्याकडे बघितलंही नाही.

भिंत

दोन फोटो टॅबवर घेऊन संस्थेत गेलो. आधी ६:५२चा दाखवला.

"छान आहे. सूर्य कुठाय?"

मग ७:३१चा. साहेबांनी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला, कारकुनांना बोलावलं, व्यवस्थापकबाईंना विचारलं. बाईंनी ६:५२कडे बोट केलं होतं. ठराव मात्र ७:३१च्या बाजूने झाला. सहा हजार पिक्सेल बहात्तर इंचांवर पसरले की इंचाला ८३ येतात. नाकाजवळ धरायच्या अल्बमला हे कमी पडेल, काउंटरच्या अलीकडून सात-आठ फुटांवरून बघायला पुरतं. कॅनव्हासवर छापून घेतला, काच नको म्हटलं, समोर ट्यूबलाइट आहेत.

लावला त्या दिवशी साहेबांनी सूर्यावर अंगठा ठेवला. अंगठ्याखाली तो पूर्ण झाकला गेला.

"एवढाच?"

"सव्वा इंच. सांगितलं होतं."

"किरणं चांगली आलीत पण." मग बाजूला उभ्या असलेल्या संचालकांना म्हणाले, "हे पलीकडचं ते रामशास्त्र्यांचं गाव."

उद्घाटनानंतर आठवड्याने पैसे घ्यायला गेलो तेव्हा फोटोच्या खालच्या अंगाला टोकनचं मशीन बसवलेलं होतं. नदी जवळजवळ पूर्ण गेली, देऊळ आणि सूर्य राहिले. व्यवस्थापकबाईंनी ६:५२ची प्रिंट घरासाठी मागितली, बारा बाय आठ इंच, ती दिली.

खालच्या पायरीवर तिपाईच्या तिन्ही पायांशी भाच्याने खडूने खुणा केल्या होत्या, त्या चढत्या पाण्याने पुसल्या असतील. म्हणून वहीत वेगळी नोंद केली आहे. सूर्याचा कल १२ जानेवारीला जितका असतो तितकाच जाताना १ डिसेंबरच्या आसपास असतो, म्हणजे त्याच पायरीवरून तो पुन्हा कळसामागे येईल. फक्त तेव्हा तक्त्यातली वेळ ६:४९ असेल, माहुलीतली ७:१३च्या आसपास. वार कुठला येतो ते बघून गुरुजींना आधी विचारायचं आहे.